प्लॅस्टिकच्या पेल्यातलं नारळाचं पाणी

आत्याबाई, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागं सरकलेही नव्हते, तोवर येरळा नदीच्या काठावरच्या बाभळीवरून तो उतरला आणि चोच मारून गेला. सगळी भावकी हात जोडून उभी होती. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा जीव कशात बी अडकला न्हवता. तृप्त गेली." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी लावला नाही. तुमचा जीव कशाला अडकेल? तुम्हाला हवं ते सगळं तुम्ही जिवंतपणीच ओरबाडून घेतलंत. अडकला असेल तर माझा अडकलाय, आणि माझ्या पिंडाला अजून वेळ आहे.

सगळे मला सांगतायत, सासू गेली, आता तरी तिच्याबद्दल तोंड गोड कर. करते. पण आधी तो एक प्रश्न. त्या खंडेनवमीला माझ्या नव्या ग्राफिक्स कार्डावर तुम्ही नारळाचं पाणी ओतलंत, ते भोळेपणानं की जाणूनबुजून? स्वयंपाकघरात विचारलं, उसाच्या बांधावर विचारलं, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तुमची पाठ पुसता पुसता विचारलं. तुम्ही उत्तर न देता गेलात. पंधरवडाही झाला नाही अजून, आणि तुमच्या खोलीतून जाताना सवयीनं तोच प्रश्न तोंडात येतो.

माझा कॉम्प्युटर ह्या घरात रुखवतातून आला. माझ्या आईनं हॉलमध्ये करंज्यांच्या परातीशेजारी तो काळा डबा मांडला होता, वर झेंडूची माळ. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि माझ्या आईला विचारलंत, "ह्यो डबा कशाचा? आत काय भरलंय का मोकळाच दिला?" आई कानकोंडी झाली. मी मात्र तेव्हाच तुम्हाला नीट बघून घेतलं. लग्नानंतर तुमच्या मुलाची, विक्रमची, रजा संपली आणि तो राजस्थानात आपल्या युनिटला परत गेला. औंधच्या अलीकडच्या ह्या वस्तीवर, चहूबाजूंनी ऊस, आणि मध्ये आपण दोघी. तुम्ही मला माझ्या नावानं हाक मारली नाहीत कधी. सांगलीकरीण. शेवटपर्यंत सांगलीकरीण.

मी दुपारी ब्लाउज शिवायची, आणि लाइट असली की उरलेल्या वेळात खेळायची. चौघींची टोळी एका बेटावर उतरते, बाकीच्या टोळ्यांना संपवायचं, खेळायची जागा आवळत आवळत लहान होत जाते, शेवटी उरेल ती टोळी जिंकली. तुम्ही उंबऱ्यात गवारी निवडत बसायचात. कानाला हेडफोन लावून मी हिंदीत बोलते हे बघून तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारलंत, "बापय मान्सं हायत व्हय त्यात?"

"नाही आत्याबाई. सगळ्या बायका आहेत."

"बाया बायास्नीच मारत्यात? मग त्येला मशीन कशाला लागतंय?"

मी हसले नाही, पण टोळीतल्या पोरींना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. तुम्ही त्यांच्यात प्रसिद्ध होतात, तुम्हाला माहीत नाही. आणि तुमचा तो चहा. डाव शेवटाला आला की माझी खुर्ची करकरायची थांबते, हे तुम्ही कधी हेरलंत? नेमकं तेव्हाच बाहेरून यायचं, "सांगलीकरीण, च्या ठिव गं." पहिल्यांदा मला योगायोग वाटला. मग मी मुद्दाम खुर्ची करकरवत ठेवायला लागले, तर तुम्ही माझा श्वास ऐकायला शिकलात. मी उठायची, पडद्यावर मरायची, गॅस पेटवायची. कप हातात घेताना तुम्ही विचारायचात, "मेलीस का जगलीस?" मी म्हणायची, "मेले." तुम्ही फुंकर मारून चहा प्यायचात. असा चवीनं चहा पिताना मी दुसऱ्या कुणाला बघितलं नाही.

तरी मी बऱ्यापैकी खेळायला लागले होते. पुण्याची नेहा आमच्या टोळीची म्होरकी. ती एकदा म्हणाली, तुझं डोकं पुढं चालतं आणि तुझं मशीन मागं राहतं. खरं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात पडद्यावरची चित्रं पळवणारं कार्ड असतं, माझं अगदी स्वस्तातलं, चार जीबीचं, एका पंख्याचं. कुणी धुराचा गोळा टाकला की पडदा अडकायचा, आणि धूर विरेपर्यंत मी मेलेली असायची. मी ब्लाउज शिवत राहिले. महागडं कार्ड नको होतं, माझ्या जुन्या मशीनला झेपेल असं दोन पंख्यांचं, आठ जीबीचं हवं होतं. त्याला वीज जास्त लागणार म्हणून आतला पॉवर सप्लायही बदलायला हवा. डब्यात लांबीला बसतं का ते मी ब्लाउजच्या टेपनं मोजलं. तुम्ही बघत होतात. "आता डब्याला बी झंपर शिवतीस काय?" म्हणालात.

कार्ड का हवं होतं ते घरात उघड होतं. पुण्यात एका मोठ्या स्पर्धेसाठी टोळी उतरणार होती, चार महिने एकत्र राहून सराव करायचा, राहण्याजेवणाची सोय होती. त्याआधी घरून काही सामने खेळून दाखवायचे होते, आणि ते धुरात अडकणाऱ्या पडद्यावर जमणारे नव्हते. विक्रम फोनवर म्हणाला, "जा की. चार महिने तर आहेत. आईला विचार फक्त." मी तुम्हाला विचारलं. तुम्ही शेंगा फोडत होतात. तुम्ही वर न बघता म्हणालात, "जा की. मला काय हुतंय?" भांडायच्या तयारीनं आलेली मी तशीच उभी राहिले. एवढ्या सहज तुम्ही शेजारणीला विरजणसुद्धा दिलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. कार्ड आदल्या दिवशीच मी बसवलं होतं. डब्याचं बाजूचं झाकण उघडंच ठेवलं होतं, सगळं थंड राहतंय का ते बघायला. सकाळी मशीन चालू होतं, गेम नव्यानं उतरत होता, दोन्ही पंखे फिरत होते. तुम्ही नेहमीसारखी पूजा मांडलीत. कोयते, विळे, ट्रॅक्टर, माझं शिलाई मशीन, मिक्सर. मी दारात आपट्याची पानं निवडत होते. आतून तुमचा आवाज आला, "ह्याची बी करती गं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, एकदाचं घरातलं समजलं ह्याला. आत आले तेव्हा कार्डावर हळद होती, कुंकू होतं, एक झेंडू पंख्याच्या कडेला अडकून फडफडत होता, आणि तुम्ही पाणी ओतत होतात. शिंपडत नव्हतात. ओतत होतात. एक बारीक चट् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि पडदा काळा पडला.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"द्येवाचं पानी हाय. त्येनं काय हुतंय?"

सांगलीच्या दुकानदारानं कार्ड नाकाजवळ नेऊन हुंगलं आणि विचारलं, ह्यावर काय सांडलं? मी म्हणाले, प्रसाद. तो हसला. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं कार्ड खाली ठेवलं. कार्ड गेलं होतं, त्याच्याबरोबर मदरबोर्डही गेला होता. नेहा फोनवर म्हणाली, पुढच्या वेळी बघू. माझ्या जागी नाशिकची एक मुलगी गेली. पुढची वेळ म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही भिकाऱ्यालाही हेच सांगून पाठवायचात.

सगळ्यांनी माझीच समजूत घातली. विक्रम म्हणाला, "आई भोळी हाय गं. तिला काय कळतंय त्यातलं?" भावकीतल्या बायका म्हणाल्या, जुनं माणूस, श्रद्धेनं केलं. तुमच्या एका जावेनं तर मलाच सुनावलं, देवाच्या पाण्याचा राग धरतीस? आणि तुम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून, भोळ्या होऊन बसलेल्या. आत्याबाई, तुम्ही आणि भोळ्या. आठवडे बाजारात भाजीवाल्या तुम्हाला बघून काटा मारायला धजायच्या नाहीत.

मला जे दिसत होतं ते कुणालाच का दिसत नव्हतं? मामंजी कसे गेले ते ह्या वस्तीवर सगळ्यांना माहीत आहे. विहिरीवर, ओल्या पायांनी, मोटरच्या स्टार्टरला हात लावला आणि तिथंच चिकटले. विक्रम तेव्हा शाळेत होता. तुम्ही बांधावरून बघितलंत. तेव्हापासून ह्या घरात ओल्या हातानं बटणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नवी नवरी असताना मी एकदा भांडी घासताघासता तसाच बल्ब लावला, तर तुम्ही माझ्या मनगटावर उलथनं मारलंत. खंडेनवमीला मोटरची पूजाही तुम्ही फ्यूज काढून, लांबूनच, कोरड्या कुंकवाची चिमूट टाकून करायचात. मिक्सरची पिन काढून मग फूल. विजेवर पाणी पडलं की काय होतं हे ज्या बाईला साऱ्या तालुक्यात सगळ्यात जास्त माहीत होतं, तिला म्हणे काय कळतंय.

आणि पेला. दर वर्षी नारळाचं पाणी तुम्ही पितळेच्या तांब्यात धरायचात. त्या दिवशी तांब्या देव्हाऱ्याजवळ तसाच होता आणि तुमच्या हातात न्हाणीतला प्लॅस्टिकचा पेला होता. मी हे विक्रमला सांगितलं. तो म्हणाला, तू फार विचार करतेस.

त्यानंतरची वर्षं आपण कशी काढली ते लोकांना सांगायची सोय नाही. मी तुमच्या भाकरीत मीठ घालायचं बंद केलं, तुम्ही "आज झ्याक झालीया" म्हणून खाल्लीत. माझ्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर तुम्ही लोणच्याची बरणी आणून ठेवलीत, मी ती खाली ठेवली, संध्याकाळपर्यंत बरणी परत वर. मी चार दिवस बोलायची नाही, तुम्ही पाच दिवस. वैर म्हणतात ते हेच असेल, तर ते आपण फार मन लावून केलं. घरात दुसरं माणूसच नव्हतं ना.

तोंड गोड करते म्हणाले होते, तर हे घ्या. लग्नाला बरीच वर्षं होऊन माझी कूस उजवली नव्हती, तेव्हा एका हळदीकुंकवाला गावातल्या बाया मला टोचायला लागल्या. मी मान खाली घालून बसले होते. तुम्ही वाणाची सुपली खाली ठेवलीत. "माज्या सुनंला बोलायचं आसंल तर मी बोलीन. तुमी कोन? तुमच्या पोटाला आलेली काय दिवं लावत्यात ते बगतीया की मी." आणि एकेकीच्या पोराचं नाव घेऊन काय काय सांगितलंत. पुन्हा त्या विषयावर वस्तीत कुणी तोंड उघडलं नाही. घरी येताना मी म्हणाले, "आत्याबाई, बरं केलंत." तर म्हणालात, "तुज्यासाटी न्हाई केलं. माज्या हक्काचं काम दुसरीनं केल्यालं मला खपत न्हाई." त्या दिवशी मी भाकरीत मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी परत नाही.

मग गोठ्यात पाय घसरून तुमचा खुबा मोडला आणि तुम्ही पडूनच राहिलात. पाय गेले, जीभ मात्र शाबूत. शी-मूत, आंघोळ, कूस बदलणं, सगळं माझ्याकडं. तुम्ही लाजायचा नाहीत, उलट सूचना करायचात, पाणी गार हाय, हात जड हाय. आणि मी, तुम्ही हातात सापडलात म्हणून, रोज तेच विचारायची.

"सांगा आत्याबाई. मुद्दाम ओतलंत का न्हाई?"

"सांगीन की. मरायच्या आदी सांगीन."

"म्हणजे कधी?"

"तू घाई लावलीस तर कवाच न्हाई."

तुम्ही ते मला दाखवून दाखवून पुढं ढकललंत. माझा भाऊ सांगलीला चार दिवस ये म्हणाला, तर तुम्ही कण्हत म्हणालात, आज सांगावं वाटतंय गं. मी गेले नाही. सांगितलं नाहीच. पुढं मला कळून चुकलं की मला खाटेपाशी बांधून ठेवायला तुमच्याकडं तेवढा एकच दोर आहे, आणि तरी मी बसायची. डोक्याला तेल लावताना तुमची मान माझ्या हातात अगदी हलकी लागायची. तेव्हा मला रडू यायचं आणि त्या रडण्याचा राग यायचा.

तुम्ही गेलात तेव्हा मी डेअरीवर दूध घालायला गेले होते. परत आले तर तोंड भिंतीकडं आणि हात खाटेखाली लोंबत. मी तुम्हाला दोनदा हाक मारली, मग खांद्याला धरून हलवलं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "असं नाही चालायचं आत्याबाई." दाराशी आलेल्या शेजारणीला वाटलं, सून किती जीव लावून होती. लावून होतेच. कसा, ते तिला काय सांगू?

परवा दहावा उरकून आम्ही घरी आलो. विक्रम तुमच्या मोकळ्या खाटेवर बसला, डोक्याचा गोटा केलेला, एकदम लहान दिसत होता. मी तांदूळ निवडत होते. तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. रागवू नको. त्या कार्डाचं. आईनं मुद्दामच केलं हुतं."

मी निवडायची थांबले नाही.

"त्याच दिवशी तिनं मला फोन केला. तू सांगलीला दुकानात गेली हुतीस. रडत हुती. म्हणाली, तिचं मशीन मी मारलं, तिला सांगू नकोस. मी म्हणलं कशाला घरात आग लावायची. म्हणून भोळी हाय, भोळी हाय करत बसलो."

इतकी वर्षं त्यानं मला वेड्यात काढलं होतं आणि आता तो ते घरात शांतता राखल्याच्या थाटात सांगत होता. मला राग आला, आत्याबाई, पण खरं सांगू, तुमचा नाही आला. तुम्ही रडलात ह्याचंही मला काही वाटलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. ह्या घरातल्या सगळ्यांना, माझ्या माहेरच्यांनासुद्धा, ते कार्ड म्हणजे खेळणं होतं. तुटलं तर दुसरं आणू. ते काय आहे, त्याच्यावर माझं काय काय उभं आहे, हे जगात एकाच माणसाला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तिनं नेमका तिथंच घाव घातला. नवऱ्यानं मला जा म्हटलं ते मी काय करते ते कळत नव्हतं म्हणून. तुम्ही मला गंभीरपणे घेतलंत. तुमच्याशिवाय कुणीच घेतलं नाही.

"पण का?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी.

"खुळ्यावानी काय बी डोक्यात घेतलं हुतं तिनं. म्हणाली, ती गेली तर परत यायची न्हाई. मी म्हणलं कशावरनं? तर म्हणं, तिनं आदीच भरून ठिवल्याली बॅग बगितली मी. कपड्याच्या तळाला तिची मोठी कात्री हाय, शिलाईची. चार म्हैन्यासाटी गेम खेळायला जाणारी बाई कात्री न्हेत नसती." तो हसला, डोळे पुसत. "आता कात्रीचा आणि ह्याचा काय संबंध?"

बाहेर तेराव्याच्या मांडवासाठी कुणीतरी बांबू टाकत होतं. तो उठला. जाता जाता म्हणाला की पुढच्या रजेत तुला नवीन कार्ड घेऊ, आता चांगलं मोठंच घेऊ, कुणी बोलणारं न्हाई. मला आता त्या पोरींची नावंही नीट आठवत नाहीत. हात मंद झालेत. नेहा कुठल्याशा कंपनीत नोकरीला लागली असं ऐकलं. मला थांबवून तुम्ही आधी गेलात, आत्याबाई, आणि हे मी तुम्हाला माफ करणार नाही.

दारात तो परत थांबला. मामंजींच्या फोटोशेजारी तुमचा फोटो लावायला खिळा मारून ठेवलाय, तिकडं बघत त्यानं विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "तू चार महिन्यांनी यायचीसच की. व्हय ना?"

मी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाले, "यायचेच की."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो बाहेर गेला, मांडववाल्याशी बोलायला लागला. आत्याबाई, मी येणार नव्हते. तुमच्या मुलाला हे अजून माहीत नाही, आणि तुम्ही त्याला कात्रीपर्यंतच सांगितलंत. पुढचं मीही सांगत नाही.